कॅलिफोर्नियाची फेरी

मंडळी, आज आपण फार लांबच्या मुलखात जाणार आहोत. विमानाने गेलं तर अख्खा एक दिवस मोडतो. आपण मात्र ओसरीवर बसूनच जाऊ. पुस्तक उघडलं की निघालो.

मुलखाचं नाव जरा अवघड आहे. फोडून वाचा. कॅ - लि - फो - र्नि - या. आता एकदम वाचा. कॅलिफोर्निया.

अमेरिका हा एक देश. त्यात ५० राज्ये. जसा आपला महाराष्ट्र, शेजारी कर्नाटक, गुजरात, तसंच तिकडं. कॅलिफोर्निया हे त्या ५० पैकी एक. हे राज्य बघायला जगभरातून लोक जातात. हल्ली आपल्या गावांतूनही जातात. कोणाचा मुलगा तिकडं कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो, कोणाची लेक असते. मग आई-वडील दोन-चार महिने राहून येतात. परत आल्यावर पारावर कोणी विचारलं, "काय काय पाहिलंत?" की सांगतात, "मोठे रस्ते, मोठी दुकानं, कुठं कागदाचा कपटा नाही." एवढंच बघायचं तर इतक्या लांब कशाला जायचं? शेतकऱ्यानं, कष्टकऱ्यानं बघावं असं तिथं पुष्कळ आहे. ते आज बघू.

एक काडी घ्या आणि अंगणात नकाशा काढा. उत्तरेकडून दक्षिणेकडं एक लांब पट्टा ओढा. हा पट्टा सुमारे १,२५० किलोमीटर लांब आहे. मुंबईहून आगगाडीनं दिल्लीला जायला याहून थोडंच जास्त अंतर पडतं. महाराष्ट्राचं क्षेत्र ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. कॅलिफोर्नियाचं ४ लाख २३ हजार. माणसं मात्र कमी. सुमारे ३ कोटी ९० लाख. आपल्याकडं २०११ च्या जनगणनेतच ११ कोटी २४ लाख भरली होती.

पट्ट्याच्या डाव्या अंगाला समुद्र. हा पॅसिफिक महासागर. कोकणासारखाच तिथंही सूर्य समुद्रात बुडतो. किनाऱ्याला लागून डोंगरांची एक रांग. रांग ओलांडली की लांबच लांब सपाट खोरं. खोऱ्याच्या पलीकडं उंच पर्वत. त्याचं नाव सिएरा नेवाडा. ते स्पॅनिश भाषेतलं आहे. अर्थ असा, बर्फाचे डोंगर. पर्वताच्या पलीकडं वाळवंट.

आता एक गंमत. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने थेंब नाही. आपल्या उलट. मग ऐन उन्हाळ्यात पिकं कशी उभी राहतात? थंडीत पर्वतावर बर्फाचे थर साचतात. ऊन तापलं की ते हळूहळू वितळतात आणि नद्यांना पाणी येतं. म्हणजे तो पर्वत हेच त्यांचं धरण. हे ध्यानात ठेवा. या फेरीत पाण्याची गोष्ट सारखी येणार आहे.

पहिला मुक्काम सॅन फ्रान्सिस्को. तीन बाजूंनी पाणी, मध्ये चढउताराचं शहर. उन्हाळ्यातही धुकं असतं. अंगावर स्वेटर घालूनच निघावं लागतं. इथं समुद्राचं एक मुख आहे. त्याला सोनेरी दरवाजा म्हणतात, म्हणजे गोल्डन गेट. त्यावर एक तांबूस नारिंगी रंगाचा झुलता पूल आहे. दोन मनोरे, प्रत्येक ७४६ फूट उंच. मनोऱ्यांवरून दोन जाड दोर टाकले आहेत. एकेका दोरात २७ हजारांवर पोलादी तारा आहेत. या दोरांना पूल टांगलेला आहे. दोन मनोऱ्यांमधलं अंतर ४,२०० फूट. मध्ये पाण्यात एकही खांब नाही.

पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला. बघायला जाणारे पुलाचा फोटो काढतात आणि निघतात. आपण मजुरांचं विचारू. त्या दिवसांत असं काम म्हटलं की माणसं मरणारच, असं सगळे धरून चालत. इथं मुख्य इंजिनिअर जोसेफ स्ट्रॉस यांनी कामाखाली एक मोठी जाळी बांधायला लावली. खर्च बराच आला. पण वरून पडलेले १९ जण त्या जाळीनं झेलले. ते वाचले. शेवटी शेवटी, १९३७ च्या फेब्रुवारीत, एक अवजड पहाड कोसळली. ती जाळी फाडून पाण्यात गेली आणि १० मजूर गेले. एकूण ११ माणसं या पुलानं घेतली. या पुलावरून पायी जायला पैसे पडत नाहीत. चालताना खाली बघा आणि त्या जाळीची आठवण करा.

याच शहरात आपल्या ओळखीचीही एक जागा आहे. १९१३ साली इथं गदर नावाचं वर्तमानपत्र निघालं. गदर म्हणजे बंड. इंग्रजांचं राज्य उलथून टाकायचं, हा त्याचा हेतू. चालवणारे बहुतेक पंजाबी शेतकरी, मजूर आणि विद्यार्थी. पण त्यांत मराठी माणसंही होती. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे त्यांतलेच. ते पुढं मेक्सिको देशात गेले आणि मक्याच्या वाणांवर काम करून नावाजले. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे शिकायला म्हणून अमेरिकेला गेले होते. ते गदरमध्ये सामील झाले, बंडासाठी परत आले आणि पकडले गेले. १९१५ च्या नोव्हेंबरात लाहोरच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. सॅन फ्रान्सिस्कोत वुड स्ट्रीटवर गदरचं स्मारक आहे. तिकडं गेलेल्या मराठी माणसानं वाकडी वाट करून ते बघावं.

शहरातून निघण्याआधी एवढं सांगतो. १९०६ साली एप्रिलात पहाटे इथं मोठा भूकंप झाला. मागोमाग आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळाला. सुमारे तीन हजार माणसं गेली. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्यांनी पाहिला, त्यांना जास्त सांगायला नको.

आता पूर्वेला पर्वतात जाऊ. योसेमिटी नावाची एक दरी आहे. दोन्ही बाजूंना सरळ उभे कातळ. एल कॅपिटन नावाचा कातळ दरीतून ३,००० फूट उभा आहे. लोक त्यावर दोर लावून चढतात आणि रात्री कड्यालाच झोळी टांगून झोपतात. धबधबा आहे, तो तीन टप्प्यांत मिळून २,४२५ फूट पडतो. बघायला जायचं तर मे महिन्यात जा. तेव्हा बर्फ वितळत असतं आणि धबधबा भरलेला असतो. उन्हाळा सरता सरता तो वाळूनही जातो.

ही दरी सरकारनं १८६४ सालीच राखून ठेवली. कोणी विकू नये, कोणी तोडू नये, सगळ्यांनी बघावी. गोष्ट चांगली झाली. पण त्याआधी १३ वर्षं काय झालं, तेही माहीत हवं. या दरीत मूळ रहिवाशांची वस्ती होती. १८४८ साली जवळच्या डोंगराळ भागात सोनं सापडलं. सोन्यासाठी जगातून माणसं धावली. मूळ लोक अडचणीचे झाले. १८५१ साली हत्यारबंद टोळी दरीत शिरली. वस्ती जाळली आणि माणसांना हाकलून लावलं. साऱ्या राज्यात हेच चाललं होतं. सोनं सापडण्याआधी मूळ लोक दीड लाखाच्या आसपास होते. पंचवीस-तीस वर्षांत ३० हजारांच्या आसपास उरले. मारेकऱ्यांच्या टोळ्यांना राज्याच्या तिजोरीतून पैसे मिळत. २०१९ साली राज्याच्या गव्हर्नरांनी याबद्दल जाहीर माफी मागितली.

पर्वत उतरून खाली खोऱ्यात येऊ. इथं आपण जरा जास्त वेळ थांबू. बाहेरून येणारे लोक या खोऱ्यातून मोटार न थांबवता जातात. म्हणतात, इथं बघण्यासारखं काय आहे? शेतंच तर आहेत. आपल्याला शेतंच बघायची आहेत.

खोरं सुमारे ७०० किलोमीटर लांब. सपाट, काळीभोर आणि तांबूस जमीन. टोमॅटो, कापूस, भात, पिस्ते, संत्री, द्राक्षं. बदामाच्या तर बागाच बागा. जगात शंभर बदाम पिकले, तर त्यांतले ऐंशीच्या आसपास या एकट्या राज्यातले. फेब्रुवारीत बदामाला पांढरा-गुलाबी फुलोरा येतो. तेव्हा साऱ्या देशातून मधमाश्यांच्या पेट्या ट्रकांत भरून इथं आणतात. माशी फुलावर बसल्याशिवाय बदाम धरत नाही. पेट्यांचं भाडं शेतकरी भरतो.

नाशिक, सांगलीकडच्या बागाईतदारांना एक नाव पाठ आहे. थॉमसन सीडलेस. बिनबियांची द्राक्षं. हा थॉमसन कोण? विल्यम थॉमसन नावाचा एक शेतकरी याच खोऱ्यात युबा सिटीजवळ राहत होता. १८७० नंतरच्या काळात त्यानं हा वेल लावला आणि पसरवला. वाण मुळात इराण-तुर्कस्तानाकडचा जुनाच, पण नाव लागलं थॉमसनचं. तोच वेल पुढं आपल्याकडं आला. आपला तास-ए-गणेश आणि सोनाका हे वाण त्याच्यातूनच निवडून निघालेले. म्हणजे तासगावचा बेदाणा आणि तिथल्या फ्रेस्नो गावचा बेदाणा हे भाऊभाऊच. पद्धत मात्र वेगळी. आपल्याकडं शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत सुकवतात. तिकडं ऑगस्टच्या शेवटी घड तोडतात, वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद अंथरतात आणि उन्हात पसरतात. दोन-तीन आठवड्यांत बेदाणा तयार. त्या दिवसांत पाऊस येत नाही, म्हणून हे जमतं. कधी अवकाळी आलाच, तर तिकडचा शेतकरीही कपाळाला हात लावतो.

द्राक्षं तोडतं कोण? मालक नव्हे. मेक्सिकोतून आणि फिलिपिन्समधून आलेले मजूर. ऊन भारी, मजुरी थोडी, शेतात प्यायला चांगलं पाणीसुद्धा नसे. १९६५ च्या सप्टेंबरात डेलानो गावच्या फिलिपिनो मजुरांनी द्राक्षं तोडायचं बंद केलं. त्यांचे पुढारी लॅरी इट्लिआँग. आठवड्याभरात मेक्सिकन मजूरही मिळाले. त्यांचे पुढारी सीझर चावेझ. हा मनुष्य गांधीजींना मानणारा. दगड नाही, काठी नाही. १९६६ साली मजूर डेलानोहून राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत पायी गेले. वाट ५०० किलोमीटरच्या आसपास. शहरातल्या लोकांना त्यांनी सांगितलं, आमची द्राक्षं विकत घेऊ नका. लोकांनी ऐकलं. पाच वर्षं संप चालला. १९७० साली मालकांनी करारावर सह्या केल्या. डेलानोजवळ मजुरांच्या संघटनेची जुनी जागा अजून आहे. जाऊन बघता येते.

आता या खोऱ्यातली सगळ्यात बघण्याजोगी वस्तू सांगतो. ती एक फोटोत आहे. १९७७ साली काढलेला. मेंडोटा गावाजवळ रस्त्याकडेला एक खांब उभा आहे. खांबाच्या पायथ्याशी एक शास्त्रज्ञ उभा आहे. खांबावर पाट्या लावल्या आहेत. पायाशी पाटी आहे १९७७. वर, डोक्यापेक्षा उंच, पाटी आहे १९५५. आणि अगदी वर, टोकाजवळ, १९२५.

याचा अर्थ काय? १९२५ साली जमीन त्या वरच्या पाटीपाशी होती! ५२ वर्षांत जमीन खाली गेली. किती? सुमारे २८ फूट. विहिरीच्या मापानं जवळजवळ पाच परस.

जमीन खाली कशी जाते? विहिरींतून पाणी उपसलं म्हणून. पर्वतावरचं बर्फाचं पाणी पुरेना, तेव्हा शेतकऱ्यांनी खोल विहिरी पाडल्या. मोठे पंप बसवले. जमिनीच्या पोटात मातीचे थर असतात. त्या मातीच्या कणांमध्ये पाणी भरलेलं असतं. त्या पाण्यानं माती फुगून राहते. पाणी काढलं की कण एकमेकांवर दबतात. वरची जमीन बसते. चिकणमातीचा थर एकदा दबला की पुन्हा पाऊस पडला, तरी पूर्वीसारखा फुगत नाही. पाणी साठवायची ती जागाच गेली. कालवे वाकडे झाले, पुलांच्या कमानी कालव्यात टेकू लागल्या. १९७७ नंतरही पंप चालूच राहिले. २०१२ ते २०१६ या दुष्काळात काही गावांतल्या घरांच्या नळांना पाणी येईना. ज्याचा बोअर खोल, त्याला पाणी. शेजारच्या गरिबाचा बोअर कोरडा. हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढं कोणतं गाव येतं, ते मी विचारत नाही.

२०१४ साली राज्यानं कायदा केला. कोणत्या भागानं जमिनीतलं किती पाणी उपसावं, याचा हिशेब ठेवा आणि २०४० च्या सुमाराला उपसा आणि भरणा यांचा मेळ घाला, असा तो कायदा आहे. काही बागा आता काढाव्या लागत आहेत. शेतकरी खूश नाहीत. पण हिशेब ठेवायला लागले, हे मला मोठं वाटतं.

खोऱ्याच्या पूर्वेला पुन्हा पर्वत चढलं की सिक्वोया झाडांचं रान लागतं. त्यातल्या एका झाडाचं नाव जनरल शेरमन. उंची २७५ फूट. बुंध्याचा घेर १०२ फूट. हात पसरून अठरा-वीस माणसं उभी राहिली, तर कवेत येईल. वय सुमारे २,२०० वर्षं. आपल्याकडं भाज्याची लेणी कोरली जात होती, त्या सुमारास हे झाड रोप होतं. लाकडाच्या मापानं एवढं मोठं दुसरं झाड जगात नाही. मागच्या काळात अशी कितीतरी झाडं तोडली. लाकूड ठिसूळ. पडताना तुकडे होत. त्याचं केलं काय? कुंपणाचे खांब आणि छपराच्या फळ्या! दोन हजार वर्षांच्या झाडाचे खांब.

या झाडाची साल दीड-दोन फूट जाड असते. लहानसहान वणव्याला ते दाद देत नाही. उलट, आगीच्या धगीनं त्याची फळं उकलतात आणि बी राखेत पडून रुजतं. मूळ लोक हे जाणून होते. ते मुद्दाम थोडं थोडं रान पेटवत. पुढं सरकारनं आग म्हणजे वाईटच असं धरलं. शंभर वर्षं प्रत्येक वणवा विझवला. रानात काटक्या आणि वाळलेली झाडं साचत गेली. मग २०२० आणि २०२१ साली वणवे आले, ते असे की हजारो वर्षं टिकलेली सिक्वोया जळून गेली. २०२१ साली जनरल शेरमनच्या बुंध्याला माणसांनी चकचकीत पत्र्यासारखा कागद गुंडाळला आणि ते वाचवलं. आता तिथले वनरक्षक स्वतःच बेतानं आग लावतात.

पर्वताच्या पलीकडं उतरायला इथून सरळ रस्ता नाही. वळसा घालून जावं लागतं. तिकडं माउंट व्हिटनी हे शिखर, उंची ४,४२१ मीटर. आपली अडीच कळसूबाई एकावर एक ठेवली, तरी ते उरतंच. आणि तिथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर डेथ व्हॅली. म्हणजे मरणाची दरी. तिचा तळ समुद्रसपाटीच्याही ८६ मीटर खाली आहे. पांढऱ्या मिठाचं मैदान. १० जुलै १९१३ रोजी इथं ५६.७ अंश उष्णता मोजली गेली. जगात हवेची एवढी उष्णता दुसरीकडं कुठंही नोंदलेली नाही. इथं हिवाळ्यातच जावं. उन्हाळ्यात मोटार बंद पडली की जिवावर बेततं. दरवर्षी कोणीतरी ऐकत नाही.

शिखराच्या पायथ्याशी ओवेन्स खोरं आहे. इथं एक मोठा तलाव होता. लॉस एंजेलिस शहराला पाणी कमी पडू लागलं. शहराच्या माणसांनी या खोऱ्यातल्या जमिनी पाण्याच्या हक्कांसकट विकत घेतल्या. कशासाठी, ते आधी कळू दिलं नाही. १९१३ साली ३७० किलोमीटरचा कालवा झाला. पंप एकही नाही, पाणी उतारानंच जातं. बांधकाम म्हणून नामी. पण पंधराएक वर्षांत तलाव कोरडा पडला. शेतं वाळली. १९२४ साली चिडलेल्या शेतकऱ्यांनी कालव्याला सुरुंग लावला. काही उपयोग झाला नाही. कोरड्या तळातून खारी धूळ उडू लागली. माणसं खोकू लागली. पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि आता तीच धूळ दाबायला शहराला तिथं थोडं पाणी सोडावं लागतं.

लॉस एंजेलिसचं फार सांगत नाही. सिनेमे तिथं होतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. जवळच डिस्नेलँड आहे. मुलांची कायमची जत्राच. १९५५ साली सुरू झाली. त्याआधी त्या जागी संत्र्यांच्या आणि अक्रोडाच्या बागा होत्या.

शेवटचा मुक्काम अगदी दक्षिणेला, इंपीरियल खोरं. मूळचं वाळवंट. कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यानं आणलं आणि भाजीपाला पिकू लागला. शंभर वर्षांपूर्वी इथं पंजाबी शेतकरी आले. कापूस लावला, खरबुजं लावली. पण १९१३ साली राज्यानं कायदा केला. ज्यांना नागरिक होता येत नाही, त्यांना जमीन घेता येणार नाही. आशियातल्या माणसांना नागरिक होता येत नव्हतं. म्हणजे नांगर धरायचा आपण, आणि सातबारा दुसऱ्याच्या नावाचा. कोणी गोऱ्या ओळखीच्या माणसाच्या नावानं जमीन घेई. कोणी मेक्सिकन बाईशी लग्न करी. अशा घरांत रोटी आणि मक्याचा टॉर्टिया एकाच तव्यावर भाजत.

अमृतसरजवळच्या खेड्यातले दलीपसिंग सौंद १९२० साली इथं शिकायला आले. गणितात त्यांनी सगळ्यात वरची पदवी घेतली. तरी नोकरी मिळेना. मग याच खोऱ्यात शेती केली. १९४६ साली अमेरिकेचा कायदा बदलला. त्यासाठी झटणाऱ्यांत ते होते. १९४९ साली ते नागरिक झाले. १९५० साली लोकांनी त्यांना न्यायाधीश म्हणून निवडून दिलं, पण नागरिक होऊन वर्ष भरलं नव्हतं, म्हणून निवड रद्द झाली. ते पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. १९५६ साली याच खोऱ्यातल्या लोकांनी त्यांना अमेरिकेच्या संसदेत पाठवलं. आशियातून आलेला पहिला माणूस.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना राहिली. सोबत लोणचं, चटणी न्या. पण आंबा, ओली फळं, बी-बियाणं, माती नेऊ नका. विमानतळावर काढून घेतात. खोटं बोललात, तर दंड बसतो. शेजारच्या राज्यातून मोटारीनं कॅलिफोर्नियात शिरतानाही नाक्यावर माणूस विचारतो, "गाडीत फळं आहेत का?" फळातून कीड येते आणि बागा बसतात. त्याला खरं सांगा.